अनारशांची सफाई

चहा आधी संपवून घ्या, मग सांगते. मागे एकीला मध्येच सांगितलं, तर तिच्या नाकातून चहा आला आणि डाग पडला माझ्या चादरीवर. संपला? बरं.

मी इंदूरच्या स्नेहलतागंजात राहते. शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून, त्यामुळे 'ताजी जलेबी' आणि 'शटर के सामने गाड़ी न लगाएँ' हे मी कुणापेक्षाही झरझर वाचते. अशा या बाईने आपल्या सुनेच्या फर्स्टक्लास अनारशांच्या पुऱ्या करून टाकल्या. तेल नाही, तूप नाही, गॅससुद्धा पेटवला नाही. एका बोटाने केल्या!

खोटं वाटतं? मलाही वाटलं असतं. पण पुरावा अजून फोनमध्ये आहे.

झालं असं. माझी सून वैशाली एका छोट्या शाळेत बालवर्गाला शिकवायची. ती शाळा बंद पडली. मग माझ्या पुतण्याचा निरोप आला, "काकू, वैशाली वहिनींना देपालपुरला पाठवा, माझ्या धान्याच्या दुकानात बसायला भरवशाचं माणूस पाहिजे." म्हणजे सकाळी बस, संध्याकाळी बस, आणि मधला सगळा वेळ गव्हाच्या पोत्यांशी गप्पा. वैशालीला जायचं नव्हतं. तोंडाने बोलली नाही, पण पोळ्या लाटताना लाटणं जरा जास्त आपटायला लागली.

आणि खरं सांगू? मलाही ती जायला नको होती. ती गेली असती तर दुपारचा चहा मी कुणाशी प्यायले असते? भिंतीशी?

त्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं, तेहेतीस अनारसे, वर दिवा ठेवून. आणि अनारसेच का? तर वाणाचा पदार्थ जाळीदार पाहिजे. भोकंच भोकं पाहिजेत त्याला. जाळी नाही तर वाण नाही, असा सरळ हिशेब. पण आजकाल घरी करतं कोण? तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गूळ घाला, पीठ मुरत ठेवा, आणि इतकं करून तुपात सोडला की तो हसतो! अनारसा हसला म्हणजे तुपात फुटून विरघळला. तो हसतो आणि आपण रडतो.

म्हणून आमच्या महिला मंडळाने ठरवलं की एकाच बाईला सगळ्यांच्या अनारशांचं काम द्यायचं. मंडळाच्या पद्माताईंचा हुकूम सुटला, "ज्यांना काम पाहिजे त्यांनी सहा वाजेपर्यंत ग्रुपवर आपल्या अनारशांचा फोटो टाका. फोटो आवडला तर चाखायला बोलावू."

वैशाली म्हणाली, "आई, हे काम मिळालं ना, तर मी घरातूनच सुरू करते. मग देपालपुरला फोन करून नाही सांगून टाकते."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर बसचा पास काढते. और क्या!"

तिने अनारसे तळले. काय सांगू! वर खसखस अशी लागलेली, जसं पहाटेचं दव गवताला. जाळी तर विचारूच नका. शिकवले मीच होते, पण माझ्या हातचे असे कधी झाले नव्हते. हे वैशालीला सांगू नका. सासूची थोडी तरी इज्जत राहू द्या.

फोटो काढायच्या वेळीच लाइट गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आहे, भर दुपारी तिथे दिवेलागण असते. त्या अंधारात वैशालीने फोटो काढला, आणि तो आला नुसता दाणेदार. भिंतीवर दाणे, ताटावर दाणे, जणू कुणी सगळ्यावर मूठभर राख भुरभुरवली.

माझी नात मुग्धा इंजिनिअरिंगला आहे. तिचं कॉलेजचं कामच हे, फोटो साफ करायचे. तिने स्वतः बनवलेलं काहीतरी आईच्या फोनमध्ये टाकून दिलेलं. त्यात एक आडवी पट्टी आहे, बोटाने सरकवायची, की फोटो साफ होतो.

"आज्जी, अंधारात कॅमेऱ्याला नीट दिसत नाही ना," ती बूट घालता घालता मला समजावत होती, "मग त्याला नसलेले ठिपके दिसतात. ह्याला नॉइज म्हणतात."

"म्हणजे कचरा."

"हां, कचराच समज."

बघा! इथे चुकली ती. इंदूरच्या बाईला कधी 'कचरा समज' म्हणतात का? अहो, आमच्या गावाला साफसफाईचं वेड. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की माणसं चहा सोडून डबा घेऊन धावतात. ओला वेगळा, सुका वेगळा. पाहुणा टॉफीचा कागद खाली टाकायला लागला की पोरगं म्हणतं, "भिया, डस्टबिन उधर है." अशा गावात राहून कचरा दिसला की हात शिवशिवणार नाहीत?

"मग काढ ना तो कचरा," मी म्हटलं.

"काढते, पण सांभाळून काढावा लागतो. जास्त सफाई केली की खरं पण निघून जातं. मशीनला काय कळतं, ठिपका कुठला न खसखस कुठली? दोन्ही बारीकच. माझं सगळं प्रोजेक्ट त्याच्यावरच अडलंय, यार. कचरा काढायचा पण पोत जाऊ द्यायचा नाही. मी पाचपर्यंत येऊन करते. तू हात लावू नको हां."

"मी कशाला लावू?"

तुम्ही आत्ताच हसताय! अजून हात लावलेला नाही मी.

मुग्धा कॉलेजला गेली. चाखायला बोलावलं तर पुढचा घाणा तळायला पाहिजे, म्हणून वैशाली तूप आणायला राजवाड्याकडे गेली, फोन चार्जिंगला लावून. तिचा त्या बाजारातल्या एकाच दुकानाच्या तुपावर विश्वास. घरात उरलो मी आणि फोन.

पाच वाजले. मुग्धाचा पत्ता नाही. फोन मात्र टिणटिण करतोय. बघते तर इतर बायकांचे फोटो यायला लागलेले. एकीने अनारसे चांदीच्या ताटात मांडून भोवती मोगरा ठेवलेला! आणि आमचा फोटो? राखेत लोळलेला!

मी आधी पदराने काच पुसली. मग पदर ओला करून पुसली. ठिपके हलेनात. तेव्हा लक्षात आलं, कचरा आत आहे.

मुग्धाची ती पट्टी उघडली. म्हटलं, जरासंच सरकवू. जरासं सरकवलं. अहाहा! भिंत साफ. आणखी जरा सरकवलं. ताट असं लखलखलं, जसं मी स्वतः चिंचेने घासलंय. आता तुम्हीच सांगा, अर्धं घर झाडून कुणी केरसुणी ठेवतं का? अनारशांवर अजून थोडे काळे-पांढरे दाणे होतेच. मी म्हटलं, राहायचं नाही! आणि पट्टी पार त्या टोकापर्यंत नेली. पुढे जागा असती तर आणखी नेली असती.

काय फोटो झाला! अनारसे एकदम गुळगुळीत, गोल, सोनेरी. सुरकुती नाही, भोक नाही, दाणा नाही. पौर्णिमेचा चंद्र! मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या एकाच डोळ्याचं झालंय. त्या क्षणी मी कुठल्या डोळ्याने बघत होते, हे तुम्ही ओळखलं असेलच.

आणि फोटो पाठवायचा कसा ते मला येतं. रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाची फुलं मीच पाठवते. दाबला बाण. गेला फोटो. म्हटलं, सून दमून येईल, तेवढंच तिचं काम हलकं केलं.

दोन घोट पाणी प्यायले नाही तोच उत्तरं सुरू झाली. मी अक्षर अक्षर जुळवून वाचायला लागले.

"अय्या, पुऱ्या! गोड की तिखट-मिठाच्या?"

"वैशाली, आज अनारसे मागवलेत गं."

"मला तर टरबुजाच्या साली वाटल्या."

"जाळी कुठंय? अशाने वाण कसं द्यायचं?"

"खसखस इतकी महाग झालीय का?"

एवढं लांबलचक उत्तर लिहिणार कोण? म्हणून मी तो माईक दाबला आणि बोलले. शांतपणे, नीट समजावून बोलले, हे मी आजही सांगते.

"मी वैशालीची सासू बोलतेय. त्या पुऱ्या नाहीत, अनारसेच आहेत. फार कचरा होता हो त्यांच्यावर. मी सगळा साफ केला. आता एकदम चकाचक आहेत. बिनधास्त खा."

फोन पुन्हा टिणटिणायला लागला.

मग एकीने विचारलं, "कचरा कसा साफ केला? धुतले का काय?"

दुसरी म्हणाली, "तळणीतून काढल्यावर धुतले?"

तिसरीने नुसता डोळे फाडलेला चेहरा पाठवला.

मी पुन्हा माईक दाबला. "नाही हो, धुतले नाहीत. पाण्याने जात नव्हता म्हणून बोटाने काढला!"

आता हे तर खरंच होतं की नाही? पण त्या बायकांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, देव जाणे. शेवटी खुद्द पद्माताईंचा निरोप पडला. "हा फोटो खरा वाटत नाही. असे अनारसे जगात नसतात. एआयने बनवलेला दिसतो. वैशालीचं नाव यातून काढलं आहे."

ही एआय कोण बाई, मला तेव्हा माहीत नव्हतं. पण ती आमच्या घरी आली नव्हती, हे मी देवावर हात ठेवून सांगते.

इतक्यात तुपाचा डबा घेऊन वैशाली आली. "आई, फोन का इतका वाजतोय?"

"वाजणारच. फोन आहे ना तो."

तिने फोन उचलला. वर बघितलं, खाली बघितलं, माझं बोलणं दोन्ही वेळचं ऐकलं. मग फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसली.

"आई, खसखस कुठे गेली?"

"साफ झाली."

"आणि जाळी?"

मी पदराचं टोक बघत राहिले.

"तुम्हीच मला शिकवलंत ना," ती हळूच म्हणाली, "जाळी पडली नाही तर तो अनारसा नाही, ती चूक आहे."

"हो."

"मग माझे चांगले ठेवून चूक कशाला पाठवलीत हो?"

रागावली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. पण ती उठली आणि आणलेलं तूप न उघडता फळीवर ठेवून दिलं.

बस पंक्चर झाली म्हणून उशिरा आलेली मुग्धा दारातूनच ओरडली, "आज्जी! फुल्ल? फुल्ल सरकवली तू?"

"अजून पुढे जागा नव्हती," मी म्हटलं.

पोरीने कपाळाला हात लावला, मग खो खो हसायला लागली. पण पोरगी गुणी. जुना फोटो तिने जपून ठेवलेला होता. तो काढून माझ्या शेजारी बसली.

"हे बघ. भिंतीवर ठिपके, ताटावर ठिपके, ओट्यावर ठिपके. जे सगळीकडे सारखंच सांडलंय, तो कचरा. आता खसखस बघ. आहे का भिंतीवर? फक्त अनारशावर आहे. आणि जाळी कशी मधून कडेकडे उमलत गेलीय, एका चालीत. हा झाला पोत. हा राहू द्यायचा."

असं म्हणून तिने भिंतीची, ताटाची सफाई वेगळी केली आणि अनारशांवरून पट्टी अशी अलगद सरकवली, जसं झोपलेल्या बाळावरचं पांघरूण. कचरा गेला. खसखशीचा दाणा न दाणा जागेवर! मला तर फोटोचा वास आला. तुपाचा.

"अगं, तुझं अडलेलं प्रोजेक्ट सुटलं की!" मी म्हटलं.

"थोडंसं सुटलंय. तू बिघडवलंस ना, त्यामुळे कळलं कुठे बिघडतं ते."

बघा, माझाही हातभार लागला! पण मंडळात काही तो लागला नाही. नवा फोटो पाठवला, तर पद्माताईंचं उत्तर आलं, "पहिला खोटा होता, तर दुसरा खरा कशावरून?" वैशाली म्हणाली, "जाऊ द्या. उद्या देपालपुरला फोन करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. उघडते तो साक्षात पद्माताई! चेहरा असा, जसा चप्पल हरवल्यावर देवळाबाहेर होतो.

"आत या ना," मी म्हटलं. जीव मुठीत.

त्या खुर्चीच्या काठावर बसल्या. "त्या कालच्या पुऱ्या... मिळतील का?"

"कुठल्या पुऱ्या?"

"अहो त्याच, फोटोतल्या! आमचे जावई, गौरवजी. लव्ह मॅरेज आहे, घर हिंदी बोलणारं. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. काल लेकीच्या फोनमध्ये फोटो बघितला, तेव्हापासून एकच धोशा, 'मम्मीजी, वो गोल-गोल चिकनी वाली खिलाइए.' मी म्हटलं, असं काही नसतंच. तर म्हणतात, 'फोटो है तो चीज़ भी होगी.' आता अधिकात जावयाला नाही कसं म्हणू? एआयने करा नाहीतर कुणीही करा, पण मला त्या पाहिजेत!"

वैशाली आतून आली. बशीत तिचे अनारसे ठेवले आणि बशी पुढे केली.

पद्माताईंनी एक उचलला. बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला. जाळीतून पलीकडच्या गॅलरीत वाळत घातलेली निळी चादर दिसत होती! त्यांनी तुकडा मोडला. कुर्र वाजलं. तोंडात टाकला, डोळे मिटले. मग दुसरा उचलला. तिसऱ्याला हात गेला तेव्हा मी बशी आणखी पुढे सरकवली.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "हे असे अनारसे असताना तू ते गुळगुळीत भूत कशाला गं पाठवलंस?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. सांगू शकली असती. पण म्हणाली, "फोटो साफ करताना जास्तच साफ झाला."

अशी सून मिळायला पुण्य लागतं.

पद्माताई उठल्या. "काम तुझं. सगळ्या मंडळाचं. पण एक अट आहे. वाणाच्या दिवशी आमच्या जावयांना त्या पुऱ्याही पाहिजेत. त्या तुझ्या सासूबाई करतील, सफाई त्यांनीच केली ना!"

वैशालीने तिथल्या तिथे देपालपुरला फोन लावला आणि नाही सांगितलं. मुग्धा टाळ्या वाजवत होती. आणि मी? मी डोक्याला हात लावून बसले. कारण जी गोष्ट बोटाने झाली होती, ती आता कढईत करायची होती!

म्हटलं, सोपं आहे. आयुष्यभर चुकून जाळी न पडलेले अनारसे किती केलेत मी! मुद्दाम चुकणं काय अवघड? पीठ मुरू दिलं नाही. गूळ कमी घातला. जाड थापला, वरून वाटीने दाबला. तुपात सोडला.

जाळी पडली!

पुन्हा केला. पुन्हा जाळी! आणि कशी, मधाच्या पोळ्यासारखी! अहो, नव्या नवरीपणी सासूसमोर एक जाळी पडावी म्हणून मी गणपतीला नवस बोलले होते, तेव्हा पडली नाही. आता पडू नये म्हणून उभी, तर थांबता थांबेना. शेवटचा एक तर हसला. त्याच्या पाठोपाठ वैशाली हसली. किती दिवसांनी हसली असेल! मग मी म्हटलं, आग लागो त्या पुऱ्यांना, तुझेच अनारसे घेऊन जाऊ. जावई काय मला फाशी देणार?

वाणाच्या दिवशी आम्ही दोघी पद्माताईंकडे गेलो. गौरवजी पाटावर बसलेले, उंचपुरा, हसरा माणूस. समोर अनारशांचं ताट, वर दिवा. ओवाळणं झालं. पुऱ्या कुठे आहेत, असं आता विचारणार!

त्यांनी एक अनारसा उचलला. उलटा केला, सुलटा केला. जरा कपाळाला आठी पडली. मग खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि अनारसा पुसायला लागले! खसखशीचा दाणा न दाणा रुमालाने झाडून खाली पाडला. आणि मग खाल्ला.

"वाह आजीजी! एक नंबर! बिल्कुल फोटो वाली!" असं म्हणून त्यांनी दुसरा पुसायला घेतला. "बस ऊपर थोड़ा कचरा लग गया था, मैंने साफ़ कर दिया."

पद्माताई माझ्याकडे बघतात. त्यांची लेक माझ्याकडे बघते. वैशाली पदर तोंडात कोंबून माझ्याकडे बघते.

आता सांगा, मी कोणत्या तोंडाने त्या माणसाला म्हणणार होते की बाबा, तो कचरा नाही, तो पोत आहे? मी मुकाट्याने खाली वाकले, पाटाभोवतीची खसखस गोळा केली आणि एवढंच विचारलं,

"जमाईजी, हा ओल्यात टाकू की सुक्यात?"